लक्झेंबर्ग 2020: साथीच्या वर्षाचा घटनापट कसा तयार करावा

29 फेब्रुवारी 2020 हा शनिवार होता. त्या दिवसापासून लक्झेंबर्गमध्ये बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांसाठी मोफत झाला. देशभर अशी सोय करणारा हा जगातला पहिला देश. त्याच संध्याकाळी तिथला पहिला कोविड रुग्ण जाहीर झाला. तो इटलीहून बेल्जियममधल्या शार्लरुवा विमानतळामार्गे परतला होता. घाईघाईने केलेल्या यादीत यातली दुसरी नोंद ठळक येते आणि पहिली एका ओळीत उरकली जाते, नाहीतर गळूनच पडते.

साथीच्या वर्षाचा घटनापट करताना सगळ्यात जास्त जपायचे ते इथेच. साथीच्या नोंदींना त्यांची जागा द्यायची, पण तेवढ्यासाठी उरलेले वर्ष हरवू द्यायचे नाही. शिवाय देश छोटा असला की एक वेगळी अडचण येते. त्याच्या निम्म्या घडामोडी शेजाऱ्यांच्या निर्णयांशी बांधलेल्या असतात, त्यामुळे घटना नक्की कोणाची हेच आधी ठरवावे लागते. हा मजकूर विश्वकोशासाठी, मासिकासाठी किंवा अभ्यासासाठी असा पट रचणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण लक्झेंबर्गचे असले तरी माल्टा, आइसलँड किंवा एस्टोनियासाठीही कामाची रीत हीच.

आधी कुंपण ठरवा

पहिली बातमी टिपण्याआधी एका कागदावर तीन-चार ओळींत निकष लिहून ठेवा. ते डोक्यात ठेवून भागत नाही, कारण मार्च महिन्यापर्यंत पोचेस्तोवर ते नकळत बदललेले असतात.

1 जानेवारी 2020 रोजी लक्झेंबर्गची लोकसंख्या 6,26,108 होती आणि त्यातले 47.4 टक्के लोक परदेशी नागरिक होते. याखेरीज त्या वर्षी सुमारे दोन लाख माणसे फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून रोज कामाला येत होती. युरोपीय संघाचे न्यायालय आणि युरोपीय गुंतवणूक बँक याच राजधानीत आहे. मग त्या न्यायालयाने पोलंडबद्दल दिलेला निकाल लक्झेंबर्गची घटना मानायची का? नाही. निकाल तिथे दिला गेला, पण विषय दुसऱ्याचा आहे. उलट जर्मनीने सीमेवर लावलेली तपासणी हा परक्या सरकारचा निर्णय असूनही ती नोंद घ्यायलाच हवी, कारण तिचा परिणाम या देशाच्या रोजच्या जगण्यावर झाला. निकष असा ठेवावा: निर्णय, ठिकाण आणि परिणाम या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी देशाच्या असाव्यात. एकच असेल, तर परिणाम फार मोठा असल्याशिवाय नोंद घेऊ नये.

सायकल शर्यतीत निकष लगेच तपासून पाहता येतो. 15 ते 19 सप्टेंबरदरम्यान झालेली टूर द लक्झेंबर्ग इटलीच्या दिएगो उलिसीने जिंकली. विजेता परदेशी आहे, पण शर्यत याच देशाची आणि याच देशाच्या रस्त्यांवरची, म्हणून नोंद राहते. लक्झेंबर्गचा एखादा खेळाडू परदेशातल्या किरकोळ स्पर्धेत पाचवा आला, तर ती नोंद राहत नाही.

तक्ता

एक साधा तक्ता करा आणि त्यात नऊ रकाने घ्या: घटना, ठिकाण, निर्णयाची तारीख, प्रसिद्धीची तारीख, अंमलाची तारीख, विभाग, पहिला आधार, दुसरा आधार, शंका. शेवटचा रकाना काढून टाकण्याचा मोह होतो, पण काढू नका. सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो तोच.

तारखा 2020-05-04 अशा, म्हणजे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहा. 04/05 असे लिहिले की संगणक कधी 4 मे धरतो, कधी 5 एप्रिल. लक्झेंबर्गमध्ये शाळेचे शेवटचे वर्ष 4 मे रोजी पुन्हा भरले. ही नोंद 5 एप्रिलला सरकली, तर टाळेबंदीच्या ऐन मध्यात शाळा उघडल्यासारखे दिसेल आणि वाचणाऱ्याचा सगळ्या पटावरचाच विश्वास उडेल. तक्त्यात इंग्रजी अंक वापरा. देवनागरी अंक पुष्कळदा तारीख म्हणून ओळखले जात नाहीत, मजकूर म्हणून पडून राहतात आणि क्रम लावताना गोंधळ होतो. छापताना हवे ते अंक करून घ्यावेत.

आता पहिली नोंद भरायची ती घटनेची नव्हे, तर पदांची. 1 जानेवारीला कोण कुठल्या पदावर होते आणि वर्षभरात काय बदलले, एवढेच. 2020 मध्ये राष्ट्रप्रमुख होते ग्रँड ड्यूक आन्री आणि पंतप्रधान झाव्हिये बेटेल. 4 फेब्रुवारीला मंत्रिमंडळात फेरबदल झाला. उपपंतप्रधान एतिएन श्नायडर बाहेर पडले, डॅन केर्श उपपंतप्रधान झाले, अर्थव्यवस्था खाते फ्रांझ फायो यांच्याकडे गेले आणि आरोग्य खाते पॉलेट लेनर्ट यांच्याकडे आले. पहिला रुग्ण सापडला तेव्हा लेनर्ट यांना खाते मिळून अवघे 25 दिवस झाले होते. पदांचा तक्ता आधी तयार असला की अशा गोष्टी आपोआप दिसतात. नसला, तर जानेवारीतल्या एखाद्या आरोग्यविषयक निर्णयाला लेनर्ट यांचे नाव चिकटते.

पदांबाबत दुसरा सापळा आजच्या माहितीचा आहे. आन्री यांनी 3 ऑक्टोबर 2025 रोजी पद सोडले आणि गियोम ग्रँड ड्यूक झाले. पण 2020 च्या पटात गियोम युवराजच राहिले पाहिजेत. नगरपालिकांचेही तसेच. 2020 मध्ये त्यांची संख्या 102 होती, 2023 मधल्या विलीनीकरणानंतर ती 100 झाली. राष्ट्रीय फुटबॉल संघाचे नवे स्टेडियम 2021 मध्ये सुरू झाले, म्हणजे 2020 चे घरचे सामने जुन्या जोझी बार्थेल स्टेडियमवर झाले. ज्ञानकोशातली आजची पाने आजचीच स्थिती सांगतात, म्हणून संख्या आणि पदे त्या वर्षीच्याच कागदावरून घ्या.

एका निर्णयाच्या तीन तारखा

चुका सगळ्यात जास्त इथे होतात, म्हणून एकच उदाहरण नीट उलगडून पाहू.

लक्झेंबर्गमध्ये 18 मार्च 2020 रोजी ग्रँड ड्यूकच्या आदेशाने संकटस्थिती जाहीर झाली. त्या वेळच्या राज्यघटनेच्या कलम 32(4) प्रमाणे सरकारला हे अधिकार फक्त दहा दिवस वापरता येत होते. पुढे वाढवायचे, तर संसदेने दोन तृतीयांश बहुमताने कायदा करायचा आणि तोही जास्तीत जास्त तीन महिन्यांसाठी. साठ सदस्यांच्या संसदेने 21 मार्चला, शनिवारी बैठक घेऊन एकमताने मुदतवाढ मंजूर केली. पण त्या कायद्यावर तारीख आहे 24 मार्चची, कारण तिथे कायदा ओळखला जातो तो मतदानाच्या दिवसाने नव्हे, तर ग्रँड ड्यूकच्या सहीच्या दिवसाने. तीन महिने संपले 24 जूनला आणि संकटस्थिती उठली.

आता कोणी लिहितो ‘21 मार्च’, कोणी ‘24 मार्च’. दोघेही बरोबर असतात, पण दोन नोंदी शेजारी पडल्या की वाचणाऱ्याला वाटते संकटस्थिती दोनदा जाहीर झाली. उपाय सोपा आहे. तिन्ही तारखा तक्त्यात ठेवा आणि छापताना क्रियापद नेमके वापरा: ‘जाहीर झाली’, ‘मंजूर झाला’, ‘लागू झाला’, ‘उठली’. ‘आला’ आणि ‘झाले’ अशी मोघम क्रियापदे जिथे दिसतील तिथे थांबून पाहा, बहुधा तारखेबद्दलची शंका त्याखालीच लपलेली असते.

पटातली मुख्य तारीख कोणती, याचा नियम एकदा ठरवून टाका. लोकांच्या वागण्यावर बंधन घालणाऱ्या किंवा ते उठवणाऱ्या निर्णयात अंमलाची तारीख. नेमणूक आणि राजीनाम्यात शपथविधीची किंवा पद सोडल्याची. अहवालात प्रसिद्धीची. राजघराण्याच्या कारभाराबद्दल सरकारने नेमलेल्या जानो वारिंगो यांनी दिलेला अहवाल 31 जानेवारीला प्रसिद्ध झाला आणि त्यातून पुढे आलेली ‘ग्रँड ड्यूकचे कार्यालय’ ही नवी संस्था 9 ऑक्टोबरच्या आदेशाने अस्तित्वात आली. या दोन नोंदी आठ महिन्यांच्या अंतराने येतात. दुसऱ्या नोंदीत पहिलीचा एका वाक्यात उल्लेख करा, नाहीतर ऑक्टोबरची नोंद वाचणाऱ्याला निराधार वाटते.

मध्यरात्रीच्या तारखांकडे वेगळे लक्ष द्या. जर्मनीने 16 मार्चला सीमेवर तपासणी सुरू केली आणि 15 मेच्या मध्यरात्री ती उठवली. जर्मन वृत्तपत्रात ‘15 मेपर्यंत’ असते, लक्झेंबर्गच्या वृत्तपत्रात ‘16 मेपासून मोकळे’. नोंद 16 मेला लावा आणि शंका रकान्यात कारण लिहून ठेवा. छापील दैनिकांतली बातमी तर बहुतेकदा आदल्या दिवसाची असते, तेव्हा अंकाची तारीख म्हणजे घटनेची तारीख असे कधीही धरू नये.

आधी जाहीर झालेली आणि प्रत्यक्षात आलेली तारीखही वेगळी असू शकते. मोफत प्रवासाची घोषणा मुळात 1 मार्चसाठी होती, सुरुवात मात्र 29 फेब्रुवारीला झाली. 2019 च्या बातम्या वाचून पट भरणारे हमखास 1 मार्च लिहितात. ‘सगळी वाहतूक मोफत’ असेही लिहू नका. रेल्वेच्या पहिल्या वर्गाला आणि सीमेपलीकडच्या प्रवासाला तिकीट लागतच राहिले.

आधार कुठून घ्यायचे

कायदे आणि आदेशांसाठी राजपत्र. लक्झेंबर्गचे राजपत्र संकेतस्थळावर पूर्ण मिळते आणि कायद्यांची भाषा फ्रेंच आहे. सरकारी निवेदनांवरून पत्रकार परिषद कधी झाली ते कळते, संसदेच्या कामकाजावरून मतदान. लोकसंख्या आणि अर्थव्यवस्थेसाठी स्टाटेक ही सरकारी सांख्यिकी संस्था. सार्वजनिक आरोग्याच्या रोजच्या आकड्यांना आरोग्य मंत्रालय.

वृत्तपत्रांत ‘लुक्संबुर्गर वोर्ट’ आणि ‘टागेब्लाट’ मुख्यतः जर्मनमध्ये, ‘ल कोतिदियां’ आणि ‘लेसांसिएल’ फ्रेंचमध्ये, तर आरटीएल लक्झेंबर्गी भाषेत. दोन आधार घेताना दोन वेगळ्या भाषांतले घ्या. एकाच भाषेतली दोन दैनिके पुष्कळदा एकाच वृत्तसंस्थेची बातमी छापतात, म्हणजे दिसायला आधार दोन असले तरी खरा एकच. खुद्द ‘वोर्ट’ हे 1848 पासूनचे दैनिक 2020 मध्ये बेल्जियन माध्यमसमूह मीडियाहाउसकडे गेले. वर्षाच्या गर्दीत हरवणाऱ्या नोंदींपैकी ही एक.

माणसांच्या रोजच्या अनुभवासाठी लक्झेंबर्ग विद्यापीठाच्या समकालीन इतिहास केंद्राने एप्रिल 2020 मध्येच लोकांकडून छायाचित्रे, ध्वनिफिती आणि आठवणी गोळा करणारे संकेतस्थळ उघडले. तारखा ठरवायला हा आधार वापरू नये, पण कुठली नोंद एका वाक्याऐवजी दोन वाक्यांची करावी हे कळायला याच्याइतके दुसरे काही नाही.

साथीच्या नोंदी किती आणि कोणत्या

कच्च्या तक्त्यात साथीच्या शंभर नोंदी सहज जमतात. छापायच्या बारा ते पंधरा. निवडीची कसोटी अशी: या दिवशी सामान्य माणसाचे वागणे बदलले का? बदलले नसेल तर ती नोंद गाळा. या कसोटीने लक्झेंबर्गचे वर्ष साधारण असे उरते.

16 मार्चला शाळा बंद झाल्या, 18 मार्चला संकटस्थिती आली. 20 एप्रिलला बांधकामे पुन्हा सुरू झाली आणि त्याच दिवसापासून सार्वजनिक वाहतुकीत व जिथे अंतर राखता येत नाही तिथे तोंड-नाक झाकणे सक्तीचे झाले. शाळा एकदम उघडल्या नाहीत: 4 मे रोजी माध्यमिकचे शेवटचे वर्ष, 11 मे रोजी उरलेले माध्यमिक, 25 मे रोजी प्राथमिक, आणि वर्गाचे दोन गट करून एकेक आठवडा आलटून पालटून. ‘मेमध्ये शाळा उघडल्या’ एवढेच लिहिले तर हा सगळा प्रकार वाचकापासून लपतो. तिन्ही तारखा एकाच नोंदीत द्या आणि नोंद पहिल्या तारखेला लावा. 11 मे रोजी दुकानेही उघडली. उपाहारगृहांचे अंगण 27 मे रोजी आणि आतली बैठक 29 मे रोजी सुरू झाली.

24 जूनला संकटस्थिती संपल्यावर निर्बंध साध्या कायद्यांवर आले. 17 जुलै 2020 चा कायदा इथे महत्त्वाचा, कारण पुढचे बहुतेक सगळे बदल याच कायद्यातल्या दुरुस्त्या आहेत. प्रत्येक दुरुस्तीला वेगळी नोंद देऊ नका. वागणे बदलणाऱ्या तीनच घ्या: 30 ऑक्टोबरपासून रात्री 11 ते सकाळी 6 संचारबंदी, 26 नोव्हेंबरपासून उपाहारगृहे, चित्रपटगृहे आणि व्यायामशाळा बंद, 26 डिसेंबरपासून अत्यावश्यक नसलेली दुकाने बंद आणि संचारबंदी रात्री 9 पासून. यातल्या पहिल्या नोंदीला ‘दुसरा लॉकडाउन’ म्हणू नका. रात्री बाहेर पडायला बंदी आणि दिवसभर सगळे बंद, या दोन अगदी वेगळ्या अवस्था आहेत. शेवटची नोंद 28 डिसेंबरची, लसीकरणाची सुरुवात, राजधानीतल्या लिंपर्ट्सबेर्ग भागातल्या व्हिक्टर ह्यूगो सभागृहात.

सीमेपलीकडच्या मदतीची एक नोंद आवर्जून घ्या. मार्चअखेरीस फ्रान्सच्या ग्रां एस्त भागातली रुग्णालये भरून गेली, तेव्हा तिथले काही अतिदक्षता रुग्ण लक्झेंबर्गच्या रुग्णालयांत आणले गेले. ज्या आठवड्यांत युरोपभर सीमा बंद होत होत्या त्याच आठवड्यांत हे घडत होते, आणि दोन्ही नोंदी शेजारी आल्या तरच त्या वसंत ऋतूचे खरे चित्र उभे राहते.

आकडे

रुग्णसंख्येचा आकडा टिपताना त्यासोबत तीन गोष्टी लिहा: कोणत्या तारखेपर्यंतचा, कोणाला धरून, आणि किती चाचण्यांमागे. यातली एकही नसेल तर आकडा छापू नका.

लक्झेंबर्गबाबत ‘कोणाला धरून’ हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. सुरुवातीला देशात चाचणी झालेले सीमेपलीकडचे कामगारही एकूण संख्येत धरले जात. 2020 च्या उन्हाळ्यात त्यांना वेगळे काढले आणि एकूण आकडा खाली आला. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटते काही नोंदी पुसल्या गेल्या. जुन्या आणि नव्या पद्धतीचे आकडे एकाच आलेखात जोडू नका. जोडावेच लागले तर जिथे पद्धत बदलली तिथे उभी रेघ मारून खाली कारण द्या.

याचा परिणाम केवढा होतो ते एका हिशेबात दिसते. त्या काळात जर्मनी दर आठवड्याला एक लाख लोकांमागे 50 नवे रुग्ण ही मर्यादा वापरत होता. 6,26,108 लोकसंख्येला ही मर्यादा आठवड्याला सुमारे 313 रुग्णांना गाठली जाते, म्हणजे दिवसाला सुमारे 45. समजा एका आठवड्यात 360 रुग्ण सापडले आणि त्यातले 60 सीमेपलीकडचे होते. सगळे धरले तर लाखामागे 57.5, फक्त रहिवासी धरले तर 47.9. पहिल्या हिशेबाने देश धोक्याच्या यादीत जातो, दुसऱ्याने बाहेर राहतो. लोकसंख्या लहान असली की साठ माणसेही चित्र पालटतात.

त्यात भर चाचण्यांची. 27 मे रोजी सरकारने लक्षणे नसलेल्या लोकांनाही बोलावून मोठ्या प्रमाणावर चाचण्या सुरू केल्या, रहिवाशांच्या आणि सीमेपलीकडच्या कामगारांच्याही. जास्त शोधले की जास्त सापडतात. 14 जुलैला जर्मनीच्या रॉबर्ट कॉख या सार्वजनिक आरोग्य संस्थेने संपूर्ण लक्झेंबर्ग धोकादायक प्रदेश ठरवला, 20 ऑगस्टला यादीतून काढला आणि 25 सप्टेंबरला पुन्हा घातला. या नोंदी लिहिताना मर्यादा आणि चाचण्यांचे प्रमाण दोन्ही सांगा. मात्र ‘चाचण्या वाढल्या म्हणूनच रुग्ण वाढले’ असा निष्कर्ष पटात घुसवू नका. जुलैमध्ये संसर्गही वाढत होता, आणि कारणांचा निवाडा करायची जागा पट नव्हे.

मृत्यूच्या आकड्यालाही हीच शिस्त. अर्थव्यवस्थेचे आकडे तर नंतर बदलतात. स्टाटेकचा पहिला अंदाज आणि दोन वर्षांनंतरचा सुधारित आकडा एकसारखा नसतो, म्हणून अंदाज कोणत्या महिन्यात प्रसिद्ध झालेला आहे ते लिहिल्याशिवाय टक्केवारी देऊ नये.

न झालेल्या घटना

साथीच्या वर्षात जे घडले नाही तेही नोंदवावे लागते, आणि याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते. एख्टरनाखची नाचत जाणारी मिरवणूक दरवर्षी पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या मंगळवारी निघते आणि 2010 पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. 2020 मध्ये तो मंगळवार 2 जूनला आला, पण मिरवणूक निघाली नाही. राजधानीतली शुएबरफाउअर ही जत्रा 1340 मध्ये ‘अंध’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजा जॉनने सुरू केली. तीही त्या वर्षी भरली नाही. फुटबॉलचा राष्ट्रीय लीग हंगाम अर्धवट थांबवला गेला आणि कोणालाच विजेतेपद मिळाले नाही.

न झालेल्या घटनेची नोंद रद्द झाल्याच्या घोषणेच्या तारखेला लावायची की ती ज्या दिवशी व्हायची होती त्या दिवशी? ज्या दिवशी व्हायची होती त्या दिवशी लावा. वाचणारा जूनमध्ये मिरवणूक शोधतो, एप्रिलमध्ये नाही. जत्रेसारख्या अनेक दिवसांच्या गोष्टीला महिन्याच्या शेवटी जागा द्या. फुटबॉल हंगाम मात्र थांबवल्याच्या निर्णयाला लावा, कारण तो आधी सुरू होऊन मधेच तुटला होता.

पुढे ढकलले, लहान स्वरूपात केले आणि रद्द केले, या तिन्हींसाठी तीन वेगळे शब्द ठेवा आणि सरमिसळ करू नका. 23 जूनचा राष्ट्रीय दिन रद्द झाला नाही, नेहमीचे मोठे सोहळे तेवढे झाले नाहीत. जाता जाता: 23 जून हा ग्रँड ड्यूकचा वाढदिवस म्हणून साजरा होतो, पण आन्री यांचा जन्म 16 एप्रिलचा. ‘वाढदिवस’ लिहायचे तर ‘अधिकृत’ हा शब्द जोडा.

साथीबाहेरचे वर्ष

साथीच्या नोंदी निवडून झाल्या की तक्ता एकदा त्या सगळ्या लपवून वाचा. जे उरते ते वर्षासारखे दिसते का ते पाहा. फेब्रुवारीनंतर थेट डिसेंबर आला तर शोध कमी पडला आहे.

लक्झेंबर्गचे 2020 याबाबतीत पुष्कळ देते. 10 मे रोजी युवराज गियोम आणि युवराज्ञी स्तेफानी यांना पहिला मुलगा झाला, शार्ल. 19 सप्टेंबरला क्लेर्व्होच्या मठात त्याचा बाप्तिस्मा झाला. 14 जूनला शेंगेन कराराला 35 वर्षे झाली. हा करार 1985 मध्ये शेंगेन गावाजवळ मोझेल नदीतल्या ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रिद’ या बोटीवर झाला होता. सीमामुक्त युरोपला ज्या गावाचे नाव आहे तिथल्या सीमेवर महिनाभर आधीपर्यंत पोलीस उभे होते. ही नोंद नुसती ‘35 वा वर्धापन दिन’ म्हणून लिहिली तर अर्धी वाया जाते, म्हणून तिच्यात 16 मेचा संदर्भ द्या.

फुटबॉल संघाने युरोपीय नेशन्स लीगच्या तिसऱ्या (सी) श्रेणीतल्या आपल्या गटात माँटेनेग्रो, सायप्रस आणि अझरबैजानसोबत खेळून दुसरे स्थान मिळवले. 13 ऑक्टोबरला माँटेनेग्रोला त्यांच्याच मैदानावर 2-1 हरवले. सहा सामन्यांच्या सहा नोंदी करू नका. शेवटच्या सामन्याला, 17 नोव्हेंबरला, एक नोंद पुरे, आणि हा विजय त्यातच सांगा.

13 डिसेंबरला राजधानीतली ट्राम श्टेरेप्लात्सपासून मुख्य रेल्वे स्थानकापर्यंत पोचली. डिसेंबर 2017 मध्ये ट्राम पुन्हा सुरू झाल्यापासून शहराला याचीच वाट होती, कारण आता गाडीतून उतरून थेट ट्राममध्ये बसता येऊ लागले. 29 फेब्रुवारीची मोफत प्रवासाची नोंद आणि ही नोंद एकमेकींना जोडून द्या.

नावे

लक्झेंबर्गमध्ये एकाच गावाला तीन नावे असतात. एश-स्युर-आल्झेत हेच एश-उएल्झेश्त आणि एश आन देर आल्झेत. क्लेर्व्हो, क्लिएर्फ आणि क्लेर्फ ही एकाच गावाची नावे. तीन भाषांतले आधार वाचणाऱ्याच्या तक्त्यात एकच घटना तीन गावांत घडल्यासारखी दिसते. नावांची एक वेगळी यादी करा, प्रत्येक गावासाठी एक रूप पक्के करा आणि बाकीची रूपे शोधासाठी शेजारी ठेवा. नकाशे आणि रस्त्यावरच्या पाट्यांत फ्रेंच रूप ठळक असते, म्हणून तेच घेणे सोयीचे.

वादळांचेही असेच. फेब्रुवारी 2020 मधले वादळ ब्रिटनमध्ये सियारा आणि जर्मनीत सबीने. दोन नोंदी, दोन वादळे अशी गफलत इथे होतेच.

नोंद लिहिताना

एक नोंद साधारण 20 ते 40 शब्दांची ठेवा. क्रम असा: तारीख, कोणी किंवा कुठे, काय, आणि गरज असेल तरच एक संदर्भ. काळ सगळीकडे भूतकाळ.

कच्ची नोंद अशी असते: ‘मार्च: लक्झेंबर्गमध्ये लॉकडाउन.’ पक्की अशी: ‘18 मार्च: ग्रँड ड्यूकच्या आदेशाने देशात संकटस्थिती जाहीर झाली. तिची मुदत तीन महिन्यांपर्यंत वाढवणारा कायदा संसदेने 21 मार्चला एकमताने मंजूर केला. संकटस्थिती 24 जूनला संपली.’ पहिलीवरून दुसरी करायला दहा मिनिटे लागतात, आणि ती दहा मिनिटे प्रत्येक नोंदीला द्यायचीच असतात.

‘ऐतिहासिक’, ‘धक्कादायक’, ‘अभूतपूर्व’ हे शब्द शोध-सुविधेने शोधून काढून टाका. ‘जगातला पहिला’ अशा दाव्याला मर्यादा जोडा. मोफत वाहतूक लक्झेंबर्गआधी काही शहरांत होती. एस्टोनियाच्या टॅलिनमध्ये ती 2013 पासून रहिवाशांसाठी होती. म्हणून दावा ‘संपूर्ण देशभर’ या शब्दांशिवाय उभा राहत नाही.

छापण्याआधी तक्ता तीनदा वेगवेगळ्या क्रमाने लावून पाहा. आधी अंमलाच्या तारखेने, म्हणजे पुनरावृत्ती दिसते. मग ठिकाणाने, म्हणजे सगळे राजधानीतच घडले आहे का ते कळते. शेवटी आधाराने: एकाच दैनिकावर दहापेक्षा जास्त नोंदी टेकलेल्या असतील तर त्यातल्या निम्म्यांना दुसरा आधार शोधा. प्रत्येक शनिवार-रविवारच्या सरकारी निर्णयाचा वार दिनदर्शिकेवर तपासा. 21 मार्च खरोखरच शनिवार होता, पण असे निर्णय थोडेच असतात आणि बाकीच्यांत बहुधा तारीख चुकलेली निघते. ज्या नोंदींचा शंका रकाना अजून भरलेला आहे त्या पटात घालू नका. वेगळ्या पानावर कारणासकट ठेवा, राजपत्राची किंवा संसदेच्या कामकाजाची प्रत मिळाली की तिथून उचलून जागेवर बसवा.